उपाशी म्हणजे नेमकं किती उपाशी?

जिंतूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ३६. मजकूर थोडा कमी करून देतोय:

"सहा महिन्यांपासून जेवल्यावर अर्ध्या-एक तासानं उजव्या बरगडीखाली कळ येते, मागं खांद्याच्या पात्यापर्यंत जाते. दोनदा सोनोग्राफी केली, खडा नाही. दुर्बिणीनं जठर बघितलं, तेही साफ. आता संभाजीनगरच्या सर्जननी हायडा स्कॅन लिहून दिलाय, ईएफसकट. मंगळवारी सकाळी १० चा नंबर आहे. चिठ्ठीवर 'चार तास उपाशी' एवढंच लिहिलंय. माझा सोमवार असतो. सासूबाई म्हणतात, सोमवार सोडूच नको, तशीच जा, पोट रिकामं राहील. दुखलं की मी मेडिकलवरची गोळी घेते, ती घेऊन गेलं तर चालेल का? लेकरू चौदा महिन्यांचं आहे, अजून अंगावर पितं. शेजारच्या बाया म्हणतात, हा अणूचा स्कॅन आहे, केस जातात. काय खरं?"

ताई, सासूबाईंच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करू, कारण हायडा या पित्ताशयाच्या तपासणीत सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. रक्त तपासायचं असो की सोनोग्राफी, 'उपाशीपोटी या' म्हटलं की आपल्याकडं जितकं जास्त उपाशी तितकं चांगलं असा हिशोब असतो. हायडाला तो हिशोब लागू पडत नाही. इथं कमी उपाशी राहिलं तरी तपासणी बिघडते आणि जास्त उपाशी राहिलं तरीही बिघडते.

असं का, ते एकदा कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. यकृत दिवसभर पित्त तयार करत असतं. जेवण नसतं तेव्हा ते पित्ताशयात साठतं आणि तिथं त्यातलं पाणी शोषलं जाऊन घट्ट होतं. तेल-तूप-दूध पोटात गेलं की लहान आतड्यातून एक संप्रेरक सुटतं, त्याचं नाव कोलेसिस्टोकायनिन. त्याच्या इशाऱ्यानं पित्ताशय आवळतं आणि पित्त आतड्यात सोडतं. हायडामध्ये शिरेतून जे किंचित किरणोत्सर्गी औषध देतात ते यकृत उचलतं आणि पित्ताबरोबर खाली सोडतं. ते पित्ताशयात शिरतं का, किती वेळात शिरतं, आणि पित्ताशय आवळल्यावर त्यातलं किती टक्के बाहेर पडतं (यालाच ईएफ म्हणतात), एवढंच ते किरण टिपणारा गॅमा कॅमेरा बघत असतो. खडा या स्कॅनमध्ये दिसतच नाही, त्याला सोनोग्राफी. हा स्कॅन पित्ताशयाचं काम बघतो.

आता समजा, एसटी वाटूर फाट्यावर थांबली आणि तुम्ही अर्धा कप दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं घेतली. पित्ताशय आवळायला लागलं. आवळलेल्या पिशवीत औषध शिरणार नाही, ते सरळ आतड्यात निघून जाईल. याच्या उलट, चोवीस तासांहून जास्त काही खाल्लंच नाही तर पित्ताशय घट्ट, चिकट पित्तानं काठोकाठ भरलेलं राहतं. भरल्या घागरीत वरून ओतलं तर ते बाहेरूनच वाहून जाणार. दोन्ही वेळा पडद्यावर पित्ताशय दिसत नाही. आणि पित्ताशय न दिसणं ही तर पित्ताशयाची नळी तुंबल्याची, म्हणजे तीव्र सुजेची खूण. दुखणं नसताना रिपोर्टवर दुखणं उमटतं, ते असं.

तुमचा हिशोब मांडून बघा. रविवारी रात्री ९ ला जेवलात, सोमवारी केळं आणि बिनदुधाच्या चहावर काढलं, सोमवार न सोडता मंगळवारी सकाळी १० ला टेबलावर झोपलात, तर शेवटच्या नीट जेवणाला ३७ तास झालेले असतील. हे फार झालं. म्हणून सोमवार संध्याकाळी सोडाच. ८ च्या सुमाराला नेहमीसारखं जेवा: भाकर, वरण, भाजी, आणि झेपेल तेवढं तेल-तूप. त्या जेवणानं जुनं पित्त निघून जातं आणि रात्रभरात पित्ताशय ताज्या पित्तानं भरतं. दुखण्याच्या धाकानं बरेच जण आठ-आठ दिवस तेल-तूप बंद करून येतात. तुमचंही तसं चाललं असेल तर स्कॅनच्या टेबलावर जायच्या आधी तिथं सांगा. शेवटचा घास ९ पर्यंत. सकाळी १० ला तेरा तास होतात, म्हणजे चारपेक्षा जास्त आणि चोवीसपेक्षा बरेच कमी.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी. 'उपाशी' आणि 'उपवास' हे दोन वेगळे शब्द आहेत. साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाण्याचं कूट असतं, तूप असतं. भगरीबरोबर दाण्याची आमटी असते. पित्ताशयाच्या दृष्टीनं ते चांगलंचुंगलं जेवण आहे. सकाळी "फक्त फराळ केला" म्हणत आलेला पेशंट उपाशी धरला जात नाही.

मंगळवारी पहाटे निघताना साधं पाणी प्या, त्याला हरकत नाही. दात घासा, चूळ भरा. चहा, दूध, ताक, नारळपाणी, च्युइंगम, सुपारी नको. तिथं गेल्यावर नंबर लांबून दुपारी १ वर गेला तरी सोळा तास होतात, घाबरायचं कारण नाही. आदल्या दिवशीच दुपारचा नंबर ठरला, तर पहाटे ५ च्या आत घरूनच थोडी भाकर खाऊन निघावं का, ते फोनवर विचारून घ्या. चार ते सहा तास मोकळे राहिले की बहुतेक ठिकाणी चालतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला शुगर असेल तर त्यांनी उपाशीपोटी इन्सुलिन किंवा शुगरची गोळी किती घ्यायची, ते आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. वाटेत घाम सुटला, हात थरथरायला लागले तर स्कॅनची फिकीर न करता साखर किंवा ग्लुकोज तोंडात टाका आणि गेल्यावर तसं सांगा. नुसत्या साखरेत स्निग्धांश नसतो, त्यामुळं स्कॅन वाया जाईलच असं नाही. आणि गेला तरी चालेल, शुगर उतरू देऊ नका.

आता गोळ्या. 'मेडिकलवरची गोळी' म्हणजे नेमकी कोणती, ते तुम्ही लिहिलं नाही, आणि खरी अडचण तिथंच आहे. आपल्याकडं पोटदुखीला सर्रास मिळणाऱ्या गोळ्यांत डायसायक्लोमिन असतं. सायक्लोपाममध्ये आहे, मेफ्टाल-स्पासमध्ये आहे. हे औषध आतड्याचा पेटका सैल करतं आणि त्याबरोबर पित्ताशयाचं आवळणंही मंदावतं. म्हणजे ज्या आवळण्याची टक्केवारी मोजायला तुम्ही दीडशेवर किलोमीटर जाताय, तेच तुम्ही आदल्या रात्री गोळीनं दाबून ठेवलेलं असतं.

ट्रॅमाडॉल त्याहून वाईट. ते अफूच्या गटातलं औषध आहे. मॉर्फिन, कोडीन, पेंटाझोसिन हीसुद्धा त्याच गटातली. पित्तनळी आतड्यात उघडते तिथं एक झडप असते, ती या औषधांनी आवळून बसते. मग स्कॅनचं औषध खाली उतरत नाही आणि नळीत अडथळा असल्यासारखं चित्र दिसतं. पोटदुखीच्या काही कॅप्सूलमध्ये डायसायक्लोमिनबरोबर ट्रॅमाडॉलही घातलेलं असतं, आणि अल्ट्रासेटसारख्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर. खरडलेल्या चिठ्ठीवरून ते कळत नाही, म्हणून पाकीट उलटं करून मागचा बारीक मजकूर वाचा. ट्रॅमाडॉल निदान चोवीस तास आधी बंद हवं. डायसायक्लोमिनची गोळी दोन दिवस आधीपासून टाळलेली बरी, म्हणजे तुमच्या बाबतीत शनिवारी रात्रीपर्यंत काय ते. मधल्या काळात दुखलंच तर साधं पॅरासिटामॉल चालतं, त्याचा पित्ताशयावर असा परिणाम होत नाही. फक्त नुसतंच पॅरासिटामॉल आहे ना, ते बघा.

ॲसिडिटीची रॅनिटिडिन किंवा फॅमोटिडिन, झोपेच्या काही गोळ्या, दम्याची थिओफायलिन, बीपीची निफेडिपिनसारखी गोळी यांनीही ईएफचा आकडा खाली येऊ शकतो. बीपीची गोळी मात्र आपल्या मनानं कुणी बंद करू नये. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. ते 'नको' म्हणाले तर गोळी चालू ठेवून जायचं आणि तिथं तसं लिहून द्यायचं. रिपोर्ट करणाऱ्याला माहीत असलं की तो आकडा त्या नजरेनं वाचतो.

आणखी एक गोष्ट बाया सहसा सांगत नाहीत, कारण ती 'गोळी' वाटतच नाही: पाळणा लांबवण्यासाठी सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी मिळणारं अंतरा इंजेक्शन. त्यात प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं संप्रेरक असतं, आणि प्रोजेस्टेरॉन पित्ताशयाला सुस्त करतं. ते घेतलं असेल तर तारखेसकट सांगा. शिवाय या इंजेक्शनवर किंवा लेकरू अंगावर पीत असताना पाळी येतेच असं नाही, त्यामुळं 'पाळी चुकली नाही' यावर विसंबू नका. निघायच्या आधी लघवीची तपासणी करून गर्भ नाही याची खात्री करून घ्या.

स्कॅनच्या दिवशी काय होतं, ते थोडं सविस्तर सांगतो, म्हणजे तिथं गोंधळ उडणार नाही. हातावर सुई लावून ठेवतात. तुम्हाला उताणं झोपवून कॅमेऱ्याचं सपाट, जाड डोकं पोटाच्या अगदी जवळ आणतात. अंगाला लागत नाही, दाबत नाही, एमआरआयसारखं बोगद्यात जावं लागत नाही, आवाजही नाही. मग सुईतून औषध देतात. बहुतेक ठिकाणी ते टेक्नेशियम (किरण सोडणारं मूलद्रव्य) लावलेलं मेब्रोफेनिन असतं, मोठ्या माणसाला साधारण ३ ते ५ मिलिक्युरी (किरणोत्सर्गी औषधाचं माप). दर मिनिटाला एक असं तासभर चित्र घेतात. पहिल्या पाच मिनिटांत यकृत उजळतं, मग नळ्या, आणि बहुतेकांचं पित्ताशय अर्ध्या ते एक तासात भरलेलं दिसतं. तासाभरात नाही दिसलं तर तीन-चार तासांनी पुन्हा चित्र घेतात किंवा शिरेतून थोडं मॉर्फिन देऊन अर्धा तास बघतात. (वर मॉर्फिन नको म्हटलं आणि इथं तेच देतात, हे चमत्कारिक वाटेल. झडप मुद्दाम आवळवून पित्त पित्ताशयाकडं वळवायचं, असा तो डाव आहे. वेळ बघून दिलं की काम करतं, नकळत घेऊन गेलं की घोळ घालतं.)

तासभर हलायचं नाही, हीच काय ती खरी परीक्षा. आधी लघवीला जाऊन या. श्वास नेहमीसारखा घ्या, रोखून धरू नका. पोटावर धातू नको: कमरेचा चांदीचा करदोडा, ताईत, साडीची पिन, परकराला अडकवलेली किल्ली हे सगळं घरीच काढून ठेवा. धातूमुळं चित्रात तिथं काळा डाग पडतो आणि तो नेमका पित्ताशयावर आला तर पंचाईत. मंगळसूत्र काढायची गरज नाही, लांब असेल तर वर सरकवून ठेवा. जोडवी राहू द्या.

पित्ताशय भरलं की ईएफचा भाग सुरू होतो. पित्ताशय आवळवायला दोन वाटा आहेत. एक सिंकॅलाइड नावाचं इंजेक्शन, किलोमागं ०.०२ मायक्रोग्रॅम, ते तासभर हळूहळू सोडायचं असतं. पूर्वी ते तीन मिनिटांत देत, त्यानं कळ आणि मळमळ फार होई. दुसरी वाट म्हणजे स्निग्ध पेय, आणि ते तुम्हालाच बरोबर आणायला सांगण्याची शक्यता आहे. पित्ताशय नीट आवळायला निदान १० ग्रॅम स्निग्धांश पोटात जायला हवा. ६ टक्के फॅटच्या फुल क्रीम दुधात २०० मिलीला १२ ग्रॅम होतात. घरच्या म्हशीचं दूध त्याहून घट्ट असेल, पण त्यात किती फॅट आहे ते तुम्हाला-आम्हाला कळत नाही, आणि उन्हाळ्यात जिंतूरहून नेईपर्यंत ते नासेल. पिशवीवर टक्केवारी छापलेलं दूध तिथंच शहरात घ्या. त्यांनी दुसरं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण नॉर्मलचा आकडा त्या-त्या पेयावर ठरतो. दूध पचत नसेल, पोट बिघडत असेल, तर ते आदल्या दिवशीच सांगा. आणि तिथं 'आता प्या' म्हणेपर्यंत पेय पिऊ नका. सकाळीच पिऊन "तुम्ही सांगितलेलं दूध घेऊन आलोय" म्हणणारे असतात.

ईएफ म्हणजे भरलेल्या पित्ताशयातल्या औषधाचा किती टक्के भाग बाहेर पडला तो आकडा. सिंकॅलाइड तासभर देऊन केलेल्या तपासणीत ३८ टक्के किंवा जास्त हे नॉर्मल धरतात. पेयानं केली तर ती रेघ वेगळी असते. खाली आकडा आला की ऑपरेशनचा विषय निघतो, म्हणून तर गोळ्यांचं एवढं चऱ्हाट लावलं. तुमचा आकडा समजा ३० आला आणि तुम्ही आदल्या रात्री डायसायक्लोमिन घेतलं होतं, तर तो आकडा पित्ताशयाचा की गोळीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. पित्ताशय काढायचं की नाही, हे एका आकड्यावर ठरवू नये असं आमचं मत आहे. दुखण्याची तऱ्हा, जेवणाशी असलेला संबंध आणि दुसरी कारणं निकालात निघाली आहेत का, हे सर्जनशी बसून बोला. पेय घेतल्यावर नेहमीसारखी कळ आली तर वेळ लक्षात ठेवून तंत्रज्ञांना सांगा, पण नुसत्या त्या कळीवरून निदान होत नाही.

केसांची भीती सोडून द्या. केस जातात ते कॅन्सरच्या काही औषधांनी. इथलं औषध शोधण्यापुरतं, अगदी सूक्ष्म मात्रेतलं. एका हायडामध्ये शरीराला साधारण ३ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग पोचतो. जमीन, आकाश, अन्न यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट तसाही मिळतच असतो. टेक्नेशियमचं अर्धआयुष्य ६ तास, म्हणजे सकाळी १० ला दिलेलं दुपारी ४ ला निम्मं, दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला सोळावा हिस्सा, आणि मधे जे शौचावाटे जाईल ते वेगळंच. हे आयोडीनचं औषध नाही, त्यामुळं सीटी स्कॅनच्या औषधाची ॲलर्जी असली तरी इथं ती आडवी येत नाही. त्या दिवशी शौचाला जाऊन आल्यावर हात साबणानं नीट धुवा, पाणी दोनदा टाका.

लेकराचं सोपं आहे. दुधात या औषधाचा फार थोडा अंश उतरतो आणि अंगावर पाजणं बंद करायची गरज नसते. तरी खबरदारी म्हणून काही तास थांबायला सांगतात, बहुतेक चार. पहाटे निघताना पाजा, लेकरू आजीजवळ ठेवा, बरोबर घेऊ नका, कारण त्या खोलीत तसंही त्याला येऊ देणार नाहीत. स्कॅननंतर छाती जड झाली तर पिळून टाका. मंठा-जालना रस्त्यानं घरी पोचेपर्यंत चारपेक्षा जास्त तास उलटलेले असतील. मग पाजा.

मंगळवारच्या आधीच कळ थांबेना झाली, थंडी वाजून ताप आला, उलट्या थांबेनात किंवा डोळे पिवळे दिसायला लागले तर नंबराची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. हायडा मागाहून होईल.

सोमवारी दुपारी एक फोन नक्की करा. टेक्नेशियम ज्या जनरेटरमधून (मोलिब्डेनमपासून टेक्नेशियम मिळवायचं उपकरण) काढतात त्यातलं मोलिब्डेनम ६६ तासांत निम्मं होतं, म्हणून काही केंद्रं ठरावीक दिवशीच हे स्कॅन घेतात आणि माल उशिरा आला तर तारीख सरकते. तुमचं औषध त्याच सकाळी तयार होतं, ठेवून देता येत नाही. एसटी चुकली तर डोसही गेला, आणि उशीर झाला तर तो तासातासानं कमी होत जातो. फोनवर तीन गोष्टी विचारा: यायचं नक्की का, ईएफ इंजेक्शनवर करणार की पेयावर, आणि पेय असेल तर कोणतं आणि किती मिली. पिशवीत दोन्ही सोनोग्राफीचे रिपोर्ट, दुर्बिणीचा रिपोर्ट, बिलिरुबिन (काविळीसाठीची रक्ततपासणी) तपासलं असेल तर तो कागद, आणि गेल्या आठवड्यात घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी. स्कॅननंतर खायला डबा भरून घ्या, तो खाली सोबतच्या माणसाच्या हातात राहू द्या.